हिमनदीच्या माथ्यावरून



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘न्यूझीलंडमधील हिमनद्या’ असे सांगितले होते. पत्रिकेवर मात्र ‘हेलिकॉप्टरमधून न्यूझीलंड’ असे छापून आले. चिटणीसांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. वैशाखाच्या या उकाड्यात नुसत्या हिमनद्यांसाठी एवढी मंडळी घराबाहेर पडली असती की नाही, याची शंकाच आहे. तेव्हा हेलिकॉप्टरपासूनच सुरुवात करतो. हिमनद्या आपोआप येतील.

आम्ही 32 वर्षे शाळेत भूगोल शिकविला. काळा फळा आणि पांढरा खडू, एवढ्या साहित्यावर त्या 32 वर्षांत आम्ही किती हिमनद्या वाहविल्या असतील त्याची गणती नाही. ‘यू’ आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ, फियोर्ड हे सारे आम्ही डोळे मिटून काढू शकतो. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने एकदा विचारले होते, ‘गुरुजी, तुम्ही पाहिली आहे का हिमनदी?’ आम्ही त्याला खाली बसायला सांगितले. प्रश्न रास्त होता, म्हणूनच खाली बसायला सांगितले.

आमची कन्या ऑकलंडला असते. आमच्या लग्नाला 40 वर्षे झाली त्या निमित्ताने 2023 च्या मार्चमध्ये तिने आम्हां उभयतांना तेथे बोलावून घेतले आणि दक्षिण बेटावरील दोन हेलिकॉप्टर-सफरींचे पैसे आम्हांला न विचारता भरून टाकले. एक क्वीन्सटाऊनहून, फियोर्ड, समुद्रकिनारा आणि हिमनदी अशी एकाच फेरीत दाखविणारी. दुसरी फ्रान्झ जोझेफ हिमनदीवरची.

पहिले दोन दिवस ढगांत गेले. मिलफर्डला वर्षाकाठी 6 मीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या जातीचा पाऊस, पण आंबोलीसारखे चार महिने कोसळून उसंत घेणारा नव्हे, तो बारमास. तिसऱ्या दिवशी आभाळ फाटले आणि आम्हांला बोलावणे आले. तेथे गेल्यावर पहिली गोष्ट कोणती, तर वजन. वजन विचारीत नाहीत, करतात. उभे राहायचे, काट्याकडे कारकुनाने पाहायचे, आणि त्याप्रमाणे कोणी कोठे बसायचे ते ठरायचे. धाकट्या चणीमुळे आमच्या सौभाग्यवतींना वैमानिकाशेजारची जागा मिळाली आणि आम्ही मागे, मधोमध. तोल सांभाळण्यासाठी हे करावे लागते, असे आम्हांला समजावून सांगण्यात आले. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘संसारात इतकी वर्षं हेच चाललंय.’

हेलिकॉप्टर जमीन सोडते ते विमानासारखे धावत सोडत नाही. कोणी खुर्ची उचलावी तसे आपण उचलले जातो, नाक जरा खाली झुकते आणि मग पुढे जातो. वाकाटिपु सरोवर मागे पडले. कानांवर ते मोठे श्रवणयंत्र असल्यामुळे एकमेकांशी बोलणेही तारेतूनच. पायांखाली डोंगराच्या धारा येत, त्या अगदी बुटाला लागतील असे वाटे, आणि धार ओलांडली की जमीन एकदम हजार मीटर खाली निघून जाई. त्या क्षणी पोटात जे होते त्याला मराठीत ‘धस्स होणे’ असा नेमका शब्द आहे.

वैमानिक मध्यमवयीन होता. त्याचा बाप याच डोंगरांत हरणे मारीत असे, असे तो बोलता बोलता म्हणाला. ही हकीकत सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडला स्वतःचा जमिनीवरचा सस्तन प्राणी वटवाघळावाचून दुसरा नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेने तांबडी हरणे आणून सोडली. शत्रू कोणी नाही, चारा भरपूर. हरणे एवढी माजली की रानाची रोपटी उगवेनात आणि डोंगराची माती सुटू लागली. सरकारने पगारी शिकारी ठेवले. पण मारलेले हरीण त्या कड्यांवरून खाली आणणार कोण? 1960 नंतरच्या दशकात हेलिकॉप्टर आले ते या कामासाठी, सहलीसाठी नव्हे. पुढे हरणांची शेती सुरू झाली तेव्हा जिवंत हरणांना भाव आला, आणि उडत्या हेलिकॉप्टरमधून हरणाच्या पाठीवर उडी घेऊन त्याला धरणारी माणसे निघाली. या धंद्यात कित्येक जण प्राणास मुकले. वानाका गावच्या टिम वॉलिस यांचे नाव या कामात मोठे. 2023 सालीच ते वारले. कड्याला चिकटून, वाऱ्याचा अंदाज घेत हेलिकॉप्टर कसे चालवावे, ही विद्या या देशात शिकाऱ्यांनी कमावली. पर्यटकांना ती आयती मिळाली.

आता फियोर्डकडे येऊ. मिलफर्ड साउंड या नावातच चूक आहे. इंग्रजीत ‘साउंड’ म्हणतात ते नदीची दरी समुद्रात बुडून होणाऱ्या जलाशयाला. आपल्या कोकणातील दाभोळची, जयगडची खाडी त्या जातीची: रुंद मुख, आत आत उथळ होत गेलेली, चिखल, तिवरे, होड्या. मिलफर्ड तसे नाही. ते हिमनदीने कोरले आहे. नदी दरी कापते ती करवतीसारखी, आणि हिमनदी कापते ती रंध्यासारखी. तळ सपाट, बाजू उभ्या. बर्फाने आतल्या बाजूला तळ खोल खणला आणि मुखाशी आणलेला राडारोडा टाकून दिला. हिमयुग सरले, बर्फ मागे गेला, समुद्र आत आला. म्हणून फियोर्ड आत खोल आणि दाराशी उथळ; कोकणच्या खाडीच्या अगदी उलट. हे वाक्य आम्ही वर्गात दरवर्षी म्हणत असू. ते प्रत्यक्ष पाहिले तेव्हा आम्ही मागे, मधल्या जागेवर होतो, आणि एकीकडून मायटर शिखराचा 1,680 मीटरांहून उंच सुळका थेट पाण्यातून उठलेला, दुसरीकडून लोंबत्या दऱ्यांतून धबधबे सुटलेले. कोणाला तरी बोटाने दाखवावे अशी अनावर इच्छा झाली. शेजारचा जर्मन तरुण छायाचित्रे काढण्यात गढला होता. शेवटी आम्ही त्या तारेतून मराठीतच ओरडलो, ‘अगं, लोंबती दरी!’ पुढून उत्तर आले, ‘दिसली. खाली पाहा, तुमचा पट्टा सैल आहे.’

वैमानिकाने हेलिकॉप्टर मुखावरून बाहेर समुद्रावर नेले आणि वळविले. क्षणात फियोर्ड नाहीसा झाला. कड्यामागे कडा असा मिटून जातो की आत 15 किलोमीटर पाणी शिरले आहे असे कोणी म्हणणार नाही. कॅप्टन कुक 1770 साली याच किनाऱ्यावरून गेला आणि आत शिरला नाही. बोटीच्या डेकवरून त्याला काय दिसले असेल ते त्या दिवशी आम्हांला समजले. पुढे सील मारणाऱ्या एका वेल्श कप्तानाने हे दार हुडकले आणि आपल्या मुलखातील मिलफर्ड हेवनचे नाव येथे ठेवले. माओरी लोक त्याआधी शतकानुशतके येथे हिरवा दगड शोधायला येत होते आणि त्यांचे नावही होते, पिओपिओताही. पिओपिओ हा एक पक्षी. नाव राहिले आहे. पक्षी राहिला नाही.

उत्तरेला मार्टिन्स बे म्हणून पुळण आहे. तेथे उतरलो. हॉलिफर्ड नदी जेथे समुद्राला मिळते तेथे लांबच लांब वाळू, आणि वाळूच्या मागे मॅकेरो नावाचे सरोवर. वरून ते पाहताच आमच्या ध्यानात आले की हे सरोवरही एके काळी फियोर्डच होते. नदीने गाळ आणून त्याचे तोंड बुजविले. म्हणजे वर डोंगरात हिमनदी अजून दरी खणते आहे, दक्षिणेला मिलफर्डमध्ये ती खणून निघून गेली आहे आणि समुद्र आत आहे, येथे समुद्रालाही वाळूने बाहेर काढले आहे. आजी, आई आणि नात एका ओसरीवर बसाव्यात तशा तिन्ही अवस्था एका नजरेत. पायी हिंडणाऱ्याला हे पाहायला आठवडे लागतील, आणि तरी एकत्र दिसणार नाही. हेलिकॉप्टरचे हे ऋण आम्ही मान्य करतो.

या सरोवराकाठी 1870 साली जेम्सटाऊन नावाचे गाव वसविले होते. आखणी झाली, प्लॉट पाडले, माणसे आली. रस्ता होईल असे सांगितले होते. तो झाला नाही. बोट येईल असे सांगितले होते. ती नेमाने आली नाही. दहा वर्षांच्या आत गाव मोडले. आज तेथे झाडी आहे. आम्ही वाळूवर उभे राहून हे ऐकत होतो तोच काळ्या बारीक माश्यांनी हात-पाय धरले. माओरी कथेत सांगतात की ही भूमी इतकी सुंदर घडली की माणसे येथून हलणारच नाहीत, म्हणून मृत्यूच्या देवीने या माश्या सोडल्या. सरकारला रस्ता करता आला नाही, पण देवीचा बंदोबस्त चोख आहे. दहा मिनिटांत आम्ही सर्व जण हेलिकॉप्टरमध्ये परत बसलो होतो.

शेवटी तुतोको शिखराच्या परिसरातील एका हिमनदीवर उतरलो. पाते थांबले. आणि मग जी शांतता झाली, तिच्याबद्दल आम्ही फार बोलू शकणार नाही. दोन-तीन मिनिटांनी कान जुळले तेव्हा पायांखाली कोठे तरी पाणी ठिबकत असल्याचा आवाज आला. सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. सिंहगडही त्या गेली दहा वर्षे चढलेल्या नाहीत. त्यांनी वाकून मूठभर बर्फ उचलला, हातमोजा काढून. ‘खडूसारखा आहे,’ त्या म्हणाल्या. डोंगर पायीच पाहावा असा उपदेश करणाऱ्या धडधाकट मंडळींनी हे लक्षात ठेवावे. यंत्र नसते तर ती मूठ भरली नसती.

एवढ्यावर व्याख्यान संपवता आले असते. पण दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच मिलफर्डला बसने गेलो. आकाशमार्गे सुमारे 70 किलोमीटर, रस्त्याने 290. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा. 1935 साली मंदीच्या दिवसांत बेकारांना काम म्हणून कुदळ-फावड्यांनी त्याला हात घातला आणि तो वाहतुकीला खुला झाला 1954 साली. मग बोटीत बसलो. आदल्या दिवशी स्टर्लिंग धबधबा आम्हांला पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसला होता. बोट त्याच्या पायथ्याशी गेली तेव्हा 150 मीटरांवरून पडणाऱ्या त्या दोऱ्याने आम्हांला नखशिखान्त भिजवून काढले. दोरा कसला, प्रपात तो! वरून आम्हांला रचना कळली होती, पण आकार कळला नव्हता. आणि पाण्याखालचे तर काहीच नव्हते. रानातून येणारे पावसाचे पाणी पानांच्या अर्काने चहासारखे होते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि उजेड अडविते; त्या अंधारामुळे एरवी खोल समुद्रात राहणारे काळे पोवळे येथे दहा मीटरांवर वाढते.

चार दिवसांनी हास्टची खिंड ओलांडून फ्रान्झ जोझेफला पोचलो. हे नाव ऑस्ट्रियाच्या बादशहाचे. यूलियस हास्ट या भूशास्त्रज्ञाने 1865 साली दिलेले. माओरी नावाचा अर्थ हिने हुकातेरेचे अश्रू. तिला डोंगर चढण्याचा नाद. तिच्या हट्टाखातर प्रियकर वावे बरोबर गेला आणि हिमलोटात नाहीसा झाला. तिचे अश्रू गोठले, ती ही नदी. समुद्रापासून जेमतेम 19 किलोमीटरांवर, नेच्याच्या हिरव्या रानात उतरलेली हिमनदी म्हणून हिची ख्याती. 1983 ते 2008 या काळात ती बऱ्याचदा पुढेही सरकली. त्या भागात तेव्हा हवा काहीशी थंड होती. त्यानंतर मात्र ती भराभर मागे हटली. पूर्वी वाटाड्याबरोबर दरीतून चालत जाऊन बर्फावर पाय ठेवता येई. 2012 साली टोकाचा बर्फ ढासळला आणि ती वाट बंद झाली. दोन वर्षांनी शेजारच्या फॉक्स हिमनदीचेही तेच झाले. आता बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरनेच.

संध्याकाळी आम्ही दरीच्या तोंडाशी गेलो. करडी वाळू, धोंडे, दुधी रंगाचे पाणी, आणि दूर वर, दरीच्या वळणाशी, मळकट बर्फाचा एक तुकडा. सौभाग्यवती बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अहो, ते यंत्र कशावर चालतं?’ आम्ही सांगितले, रॉकेलच्याच जातीच्या इंधनावर. तासाला 150 लिटरांच्या वर लागते. ‘मी उद्या येणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बर्फ गेला म्हणून हळहळायचं आणि त्याच्याच डोक्यावर रॉकेल जाळीत फिरायचं, हे मला जमायचं नाही. तुम्ही जा. तुमची 32 वर्षांची हौस आहे.’ आम्ही युक्तिवाद केला. आपल्या एका उड्डाणाने काय होणार, ऑकलंडला आलो तेव्हा विमानात याहून कितीतरी अधिक जळाले, पैसे भरलेले आहेत. सगळे मुद्दे खरे होते. त्यांनी ते खोडले नाहीत. फक्त शाल घट्ट केली.

सकाळी आम्ही गेलो. खोटे कशाला सांगावे? आनंद झाला. वाटाड्याने कुऱ्हाडीने पायऱ्या पाडल्या, निळ्या बर्फाच्या भेगेतून आम्ही आडवे होऊन सरकलो, आणि त्या बाकावरच्या मुलाची फार आठवण झाली. तो आता कोठे असतो ठाऊक नाही. चाळिशीला आला असेल.

खाली उतरलो तर सौभाग्यवती नदीच्या काठी धोंड्यावर बसल्या होत्या. ‘दाखवा काढून,’ त्या म्हणाल्या. आम्ही काटकी घेतली आणि ओल्या वाळूवर नेहमीची आकृती काढली: वरचे हिमक्षेत्र, दोन बाजूंचे कडे, मधली बर्फाची जीभ, दोन्हीकडचे हिमोढ. हात सरावाने चालला होता. जिभेचे टोक काढायची वेळ आली तेव्हा आम्ही वर दरीकडे पाहिले. वर्गात ते टोक फळ्याच्या खालच्या कडेशी येत असे. काटकी तशीच हातात धरून आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. डोक्यावरून पुढची तुकडी घेऊन हेलिकॉप्टर चालले होते, त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही.