अवयवदान आणि घरच्यांचा शब्द



रक्तदान शिबिर म्हटले की आपल्या मोहन्यातील तरुण मंडळी पुढे येतात. रक्त देणारा स्वतः 'हो' म्हणतो. मरणोत्तर अवयवदानात मात्र देणारा बोलू शकत नाही, त्याच्या वतीने घरचे बोलतात. आजचा आमचा विषय तोच आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 साली झाला. मेंदू मृत झाल्याचा निर्णय चार डॉक्टर देतात, तोही किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. यंत्रामुळे छाती हलत असते, हात गरम असतो. बाहेर बाकावर बसलेल्या आईला मुलगा गेला हेच पटत नाही, आणि त्याच वेळी तिला विचारावे लागते.

माणसाने जिवंतपणी साक्षीदारांसमोर लेखी संमती दिली असेल व मागे घेतली नसेल, तर कायद्याने ती पुरेशी आहे. परंतु घरचे नाही म्हणाले तर डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत. आम्ही बँकेतली माणसे. खातेदाराने नॉमिनी लिहून दिला की चुलत्यांचे मत आम्ही विचारत नाही. नॉमिनीसुद्धा पैशाचा मालक नसतो, विश्वस्त असतो. नातलगांचे स्थानही आम्हाला तसेच वाटते. तरीही डॉक्टरांना दोष देववत नाही, रडणाऱ्या आईला बाजूला कोण सारणार?

शिबी जातकात राजा आपले डोळे दान करायला निघतो, तेव्हा सेनापती, नगरजन, अंतःपुरातील स्त्रिया सगळे त्याला अडवतात. राजा जिवंत होता, म्हणून त्यांना समजावू शकला. अतिदक्षता विभागातला माणूस कोणाला समजावणार?

कायद्याने यावर एक सोय केली आहे. संमतीपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातलग. म्हणजे सही करतानाच घरात बोलणे झालेले असते. जवळच्या नातलगांत पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-बहीण येतात. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे आली. चुलते, मामा, भावकीतली वडील मंडळी त्यात नाहीत (मंडळाचे पदाधिकारीही नाहीत!). पण दवाखान्यात आवाज त्यांचाच मोठा असतो आणि नवरा गेलेल्या बाईला शेवटी विचारतात. हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

गेलेल्याने कधी काहीच सांगितले नसेल, तर निर्णय घरच्यांचाच. ते नाही म्हणाले, तर त्या घराला वस्तीत कोणी नावे ठेवू नयेत.

जयभीम!