पॅच आला, पण लावला का?

आज व्याजदराबद्दल नाही, तुमच्या पैशाच्या कुलपाबद्दल बोलू या.

बँकेचं ॲप बनवणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत. बरेच भाग तयार घेतात. अशा तयार भागांना 'लायब्ररी' म्हणतात. त्यातल्या पुष्कळ 'ओपन सोर्स' असतात, म्हणजे त्यांचा कोड कोणीही वाचू शकतो, फुकट वापरू शकतो. यात गैर काही नाही. दोष सापडला की जाणकार दुरुस्ती काढतात. तिला म्हणतात 'पॅच', म्हणजे ठिगळ.

पण ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे होतं, हे चोरालाही कळतं. तिथून शर्यत सुरू होते.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या एका संकेतस्थळासाठी 'अपाची स्ट्रट्स' ही ओपन सोर्स लायब्ररी वापरली होती. तिच्यातल्या दोषावरचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला. तो लावायचा राहिला. मे महिन्यात चोर त्याच भोकातून शिरले आणि जुलैअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली: नावं, पत्ते, जन्मतारखा, सरकारी ओळख क्रमांक. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

बँकेच्या यंत्रणेतला पॅच लावणं बँकेचं काम. तुमच्या फोनमधला लावणं मात्र तुमचं. म्हणून एवढं करा:

१. फोनचं आणि ॲपचं अपडेट 'नंतर बघू' म्हणून ढकलू नका.

२. ॲप आणि त्याचं अपडेट प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल बँकेच्या नावाने आली तरी उघडू नका.

३. ज्या जुन्या फोनला सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय, त्यावरून पैशाचे व्यवहार टाळा.

४. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो मागवा. तुम्ही न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं, तर लगेच लेखी तक्रार करा.

५. खात्यातून पैसे गेले, तर त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा.

अपडेटला पाच-दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. आज घरी गेल्यावर आधी स्वतःचा फोन बघा, मग घरातल्या वडीलधाऱ्यांचा.