शुक्राच्या पोटातली आग

शुक्राची चांदणी आपण सारे ओळखतो. खरे पाहता तो जवळजवळ पृथ्वीएवढाच एक ग्रह आहे. त्यावर सदा दाट ढग. दुर्बिणीतून जमीन दिसत नाही. म्हणून १९९१ साली अमेरिकेच्या मॅगेलन यानाने ढगांतून रडारच्या लहरी सोडून जमिनीची चित्रे घेतली.

पुढे रॉबर्ट हेरिक या शास्त्रज्ञाने एकाच जागेची दोन चित्रे शेजारी ठेवली. मात मॉन्स या डोंगरावरचे एक मुख फेब्रुवारीत सुमारे २ चौरस किलोमीटर होते. ऑक्टोबरात ते ४ झाले! म्हणजे आत ज्वालामुखी जागा होता. ही गोष्ट २०२३ साली जाहीर झाली. चित्रे मात्र तीस वर्षांपूर्वीचीच!

तुम्ही आता वाचू लागला आहात. एकदा वाचलेले पुन्हा नीट वाचा. त्यातही नवे सापडते.