पूर्वतयारी हीच अर्धी तपासणी

(रुग्ण व नातेवाइकांच्या मेळाव्यात पोटविकार विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. शौचाविषयी आपण घरातही दबक्या आवाजात बोलतो. शौचावाटे रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून महिनोन्महिने गप्प राहणारी माणसे आमच्या विभागात नेहमी येतात. त्यांपैकी बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते. परंतु काहींना मोठ्या आतड्यात गाठ असते आणि संकोचापोटी गेलेला काळ पुढे भरून काढता येत नाही. म्हणून आज संकोच बाजूला ठेवून, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी, घरी करावयाच्या तयारीविषयी बोलू या.

आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. गुदद्वारातून एक लवचीक नळी आत नेऊन, तिच्या टोकावरील कॅमेऱ्याच्या साहाय्याने हे आतडे आतून पाहिले जाते. ही नळी केवळ पाहण्यापुरती नाही. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी नळीतून तारेचा फास सोडून आतड्यातील कोंब, म्हणजे पॉलिप, पोट न उघडता काढून दाखवला. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अशा लहान कोंबापासूनच सुरू होतो आणि कोंबाचा कर्करोग होण्यास सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. एवढी मोठी मुदत फार थोडे रोग आपल्याला देतात. अमेरिकेतील ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ या अभ्यासात असे कोंब काढलेल्या १,४१८ जणांवर लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. कोंब काढल्याने या रोगाचे मृत्यूही निम्म्याहून अधिक घटतात, हे त्याच अभ्यासाच्या पुढील पाहणीतून २०१२ साली दिसून आले.

मात्र हा सर्व लाभ एका अटीवर अवलंबून आहे. आतडे स्वच्छ असले पाहिजे. कोंब कधी तुरीच्या दाण्याएवढा असतो, तर कधी आतड्याच्या अस्तरावर चपटा पसरलेला असतो. त्यावर मळाचा पातळ थर जरी असला, तरी कितीही उत्तम यंत्र आणि कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी तो दिसत नाही. अशा वेळी ‘काही आढळले नाही’ हा अहवाल रुग्णाला खोटा दिलासा देतो. यासाठीच डॉक्टर अहवालात आतड्याच्या स्वच्छतेची नोंद करतात. बोस्टन येथे तयार झालेल्या एका प्रचलित पद्धतीत आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. तिन्ही भागांना किमान दोन गुण मिळाले, तरच तयारी पुरेशी समजतात. हे गुण डॉक्टरांचे नसतात. ते आदल्या दिवशी घरात घेतलेल्या कष्टांचे असतात.

एक उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावाहून एक शेतमजूर गृहस्थ आले होते. सोबत मुलगा होता. दोघांचीही दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. त्यांना दुसरीकडून इंग्रजीत छापलेला सूचनांचा कागद मिळाला होता आणि तोंडी ‘उपाशी या’ एवढेच सांगण्यात आले होते. त्यांनी उपवास धरला. म्हणजे शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाल्ली. तपासणीत आतड्यातील फारसे काही दिसेना, म्हणून ती अर्ध्यावर थांबवावी लागली. आमच्या परिचारिकेने त्यांना शेजारी बसवून मराठीत सर्व समजावले आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. या खेपेला उजव्या बाजूच्या आतड्यात एक चपटा कोंब दिसला व तो त्याच वेळी काढता आला. पहिल्या तपासणीवर समाधान मानून ते घरी राहिले असते, तर तो कोंब आतच वाढत राहिला असता.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. ही तयारी म्हणजे उपवास नव्हे. उपवासाला चालणारे पुष्कळ पदार्थ येथे वर्ज्य आहेत. तपासणीपूर्वीचे दोन-तीन दिवस चोथा व बिया असलेले अन्न टाळावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, वांगे, टोमॅटो, पेरू, डाळिंब, अंजीर, तीळ, खसखस, शेंगदाणे, राजगिरा हे सारे बाजूला ठेवावे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेण्याची सवय असेल, तर तेही थांबवावे. मऊ भात, वरणाचे पाणी, तांदळाची पेज, साल काढलेला उकडलेला बटाटा, दही, ताक हे चालते. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर घन अन्न पूर्ण बंद करावे आणि केवळ पारदर्शक पेये घ्यावीत. नारळपाणी, साखर-मिठाचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, दूध न घातलेला चहा यांना हरकत नाही. कोकम सरबत, बिटाचा रस किंवा लाल रंगाचे कोणतेही पेय मात्र घेऊ नये, कारण आत त्याचा रंग रक्तासारखा भासतो.

दुसरी गोष्ट औषधाची. पूर्वी यासाठी एरंडेल, एनिमा आणि दोन-तीन दिवसांचे लंघन असा खटाटोप करावा लागे. १९८० साली अमेरिकेतील डॅलस येथील डॉ. जॉन फोर्डट्रान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचे द्रावण प्रचारात आणले. आजही मुख्यतः तेच वापरले जाते. हे द्रव्य शरीरात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाण्याला आतड्यातच धरून ठेवते आणि ते पाणी आतडे धुऊन काढते. त्यातील क्षारांचे प्रमाण जुळवलेले असल्याने शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल सहसा ढळत नाही. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घालावे. कमी पाण्यात दाट करून पटकन पिऊन टाकू नये आणि त्याऐवजी घरगुती चूर्ण घेऊ नये.

आपल्याकडे बहुतेक रुग्णांना दोन लिटर द्रावण देतात, काहींना अधिक लागते. ते दोन भागांत घ्यायचे असते. तपासणी सकाळी दहाला असेल, तर पहिला लिटर आदल्या संध्याकाळी सात-आठच्या सुमारास घ्यावा. दुसरा लिटर पहाटे साडेचार-पाचला सुरू करून सातपर्यंत संपवावा. ‘पहाटे उठण्यापेक्षा रात्रीच सगळे पिऊन टाकतो’ असे अनेक जण म्हणतात. त्यामागील अडचण अशी की, रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित स्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात उतरत राहतो आणि सकाळपर्यंत तेथे चिकट थर बसतो. चपटे कोंब याच उजव्या भागात अधिक लपतात. पहाटेचा लिटर हा थर धुऊन काढतो. त्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून, पाणीही घेऊ नये, कारण भूल किंवा गुंगीचे औषध देताना पोट रिकामे असावे लागते.

द्रावणाची चव अनेकांना नकोशी वाटते. ते थंड करावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला घ्यावा, मधूनमधून लिंबाची फोड चोखावी. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. सतत उलट्या, पोटात तीव्र कळा किंवा घेरी आल्यास थांबून रुग्णालयाशी संपर्क साधावा. शेवटी शौचास पिवळसर, पाण्यासारखे, तळ दिसेल इतके स्वच्छ होऊ लागले, म्हणजे तयारी झाली. अजून तपकिरी, गढूळ होत असेल, तर ते लपवू नये. आल्याबरोबर परिचारिकेला सांगावे, म्हणजे उपाय करता येतो.

तिसरी गोष्ट नेहमीच्या औषधांची, आणि ती सर्वांत जोखमीची. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाने गोळी अचानक सोडली, तर तपासणीपेक्षा मोठे संकट ओढवू शकते. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि आमचा विभाग मिळून ठरवतात. मधुमेहींचे खाणे त्या दिवशी अत्यल्प असते. म्हणून इन्सुलिनची व गोळ्यांची मात्रा आधी विचारून घ्यावी आणि साखर वारंवार तपासावी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात, तेव्हा सर्व औषधांची पाकिटे पहिल्या भेटीतच सोबत आणावीत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास तेही त्याच वेळी सांगावे. अशा रुग्णांना सर्वच रेचके चालत नाहीत.

आता थोडे नातेवाइकांसाठी. वृद्ध माणसाला त्या रात्री अनेकदा उठावे लागते. शौचालयाच्या वाटेवर दिवा लावून ठेवा, फरशी कोरडी ठेवा, कपडे सैल व पटकन सोडता येतील असे द्या आणि घरात कोणी तरी जागे राहा. पेल्यागणिक वेळ लिहून ठेवणारे माणूस जवळ असले, की तयारी चांगली होते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. तपासणीनंतर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, परंतु त्याला एकट्याने जाऊ देऊ नये. गुंगीचे औषध दिले असल्यास चोवीस तास वाहन चालवणे, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करणे टाळावे. पोटात वायू धरणे स्वाभाविक आहे. आतड्याला छिद्र पडण्यासारखी गंभीर गुंतागुंत विरळा, हजारात एखादीच, परंतु तीव्र पोटदुखी, ताप किंवा बरेच रक्त जाणे यांपैकी काहीही झाल्यास विनाविलंब परत यावे. कोंब काढलेल्या रुग्णाने पुढील दोन आठवडे याबाबत जागरूक राहावे.

विश्वस्तांपुढे आणि देणगीदारांपुढे एक नम्र निवेदन करतो. रुग्णालयाला देणगी म्हटली, की यंत्र डोळ्यांसमोर येते आणि यंत्रांची गरज आहेच. परंतु एसटीने चार तास प्रवास करून येणारा रुग्ण पहाटेचा लिटर पिऊन बसमध्ये कसा बसणार? ज्या घरात शौचालय सामाईक आहे किंवा पाणी एक दिवसाआड येते, तेथे ही तयारी कशी होणार? अशांसाठी आम्ही दुपारची वेळ राखून ठेवतो, म्हणजे औषध सकाळी येथेच घेता येते. त्याकरिता लागतात ती शौचालयाला जोडलेली चार खोल्यांची जागा, मुबलक पाणी, सोप्या मराठीतील सूचनापत्र आणि ते वाचून दाखवणारी एक परिचारिका. यांवर कोणाच्या नावाची पाटी शोभून दिसणार नाही. पण त्यांच्यावाचून महागडी दुर्बीणसुद्धा अनेकदा आंधळी ठरते.

ज्यांच्या शौचात रक्त दिसते, ज्यांच्या शौचाच्या सवयी अकारण बदलल्या आहेत, ज्यांचे वजन किंवा रक्त कमी होत आहे आणि ज्यांच्या आई-वडिलांना वा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारण्यास लाजू नये. तपासणीची तारीख मिळाली, की सूचनापत्र घरातील सर्वांनी मिळून वाचावे आणि न समजलेले प्रत्येक वाक्य विचारावे. दुर्बिणीने पाहण्याचे काम आमचे आहे. तिला दिसेल अशी वाट मोकळी करून देणे मात्र आपल्या हाती आहे.