हृदय, फुप्फुसे आणि रोजची पायवाट



रामनवमीला नगरकडून शिर्डीस निघालेले पदयात्री आपल्या राहात्यातूनच पुढे जातात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु वर्षातून एकदा केलेल्या वाटचालीने हृदयाचे भागत नाही.

नियमित चालण्याने हृदय एकेका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. विश्रांतीतील नाडी मिनिटाला ८० वरून ७० वर आली, तर दिवसाकाठी १४,४०० ठोके वाचतात! फुप्फुसे मात्र स्वतः फारशी बदलत नाहीत. श्वसनाचे व पायांचे स्नायू सुधारतात, म्हणून धाप कमी लागते. चुलीच्या धुराने दमेकरी झालेल्या माउलींनाही हा लाभ मिळतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविते. येथून शिर्डी सुमारे पाच किलोमीटर, म्हणजे झपझप तासाभराची वाट. तिच्या निम्मे अंतर, आठवड्यातून पाच दिवस, चालले तरी पुरे. मात्र महामार्गाने नव्हे, पेरूच्या बागांकडील रस्त्याने.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वडिलांना मायेपोटी खाटेवर बसवून ठेवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करावा. चालताना बोलता यावे, इतकाच वेग असावा. छातीत दुखू लागल्यास किंवा चक्कर आल्यास तेथेच थांबावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.