खाजेचें मलम : किती, कोठें आणि किती दिवस



खाज ही व्याधि दिसावयास क्षुल्लक, परंतु रात्रीची झोंप हिरावून घेणारी आहे. त्यामुळें जें मलम दोन दिवसांत खाज थांबवितें तें घरोघर रामबाण ठरतें. वाशीम जिल्ह्यांतील कामरगावासारख्या गांवीं पावसाळ्यांत ओल्या कपड्यांमुळें जांघेंत नायटा उठतो, आणि शेजारी आपल्या घरची अर्धी नळी देऊं करतो. शहरांतही आपण हेंच करतों. या सद्भावनेंत मोठा धोका आहे.

अशा पुष्कळ नळ्यांत स्टिरॉइड असतें. १९५२ सालीं अमेरिकेंत सुल्झबर्गर व विटेन यांनीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम इसबावर गुणकारी असल्याचें दाखविलें. पुढें क्लोबेटासोलसारखीं कितीतरी तीव्र मलमें निघालीं. हें औषध त्वचेचा दाह शमवितें. बुरशी मारीत नाहीं. म्हणून नायट्यावर तें लावलें असतां लाली व खाज लपते आणि बुरशी निर्वेध पसरते. गोरेपणाच्या आशेनें तें महिनोन् महिने चेहऱ्यास चोळल्यास कातडी पातळ होते, पुटकुळ्या उठतात, आणि मलम थांबवितांच आग होऊं लागते. अशीं १४ मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें केंद्र सरकारनें २०१८ सालीं ठरविलें, तें याचसाठीं.

परंतु भीतीनें मलम टाकून देणें हेंही चुकीचेंच. डॉक्टरांनीं इसबाचें निदान केलें असेल, तर तें पुरेसें लावलें पाहिजे. नखभर लावल्यानें दाह शमत नाहीं व रोग लांबतो. माप सोपें आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेस पुरते. दाह असेल तेथेंच, सांगितल्याप्रमाणें दिवसांतून एकदां वा दोनदां लावावें व हात धुवावे. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांहून अधिक, किंवा आठवड्यास ५० ग्रॅमहून अधिक वापरूं नये. चेहरा, काख, जांघ यांवर आणि तान्ह्या मुलास तीव्र मलम डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्यावांचून लावूंच नये; तेथील त्वचा औषध अधिक शोषून घेते. फार दिवस लावीत आला असाल, तर तें कसें बंद करावें हेंही डॉक्टरांसच विचारावें.

आपल्या घरची अर्धी नळी कोणी मागितली, तर देण्यापूर्वीं एवढेंच विचारा : हा इसब कीं नायटा, हें डॉक्टरांनीं पाहिलें आहे काय? पाहिलें नसेल, तर नळी कपाटांतच राहूं द्या व त्यांस जवळच्या आरोग्य केंद्राची वाट दाखवा.