आपल्या गावचा खेळाडू

आपल्या गावचा मुलगा मैदानात उतरला, की त्याच्या खेळाचे मोल निर्विकारपणे करणे मोठे कठीण जाते. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराला याचा चांगलाच प्रत्यय आला. तेथील फुटबॉलमध्ये 'क्वार्टरबॅक' हा संघाचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यावा, याचा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो.

क्लीव्हलँड ज्या ओहायो राज्यात आहे, तेथेच वाढलेला बर्नी कोसार 1985 साली स्वेच्छेने ब्राउन्स संघात आला. पहिल्या पाच हंगामांत तीन वेळा त्याचा संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचला. पुढे दुखापतींनी तो मंदावला. 8 नोव्हेंबर 1993 रोजी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी, कौशल्य ओसरल्याचे कारण सांगून, त्याला संघातून काढले. तोवर संघाने आठांपैकी पाच सामने जिंकले होते.

शहरात दोन तट पडले. एकाला त्याचा उतरता खेळ दिसत होता, तर दुसऱ्याला आपल्या माणसाचा झालेला अवमान. उरलेल्या आठ सामन्यांत संघ दोनदाच जिंकला. कोसार मात्र डलासचा राखीव खेळाडू म्हणून त्याच हंगामाच्या अजिंक्यपदाचा वाटेकरी झाला. तरीही वाद मिटला नाही.

मिटणार तरी कसा? दोन्ही पक्ष निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. खेळ उतरला की नाही, हे आकड्यांवरून ठरवता येते. ज्याने आपल्याला इतके दिले त्याला निरोप कसा द्यावा, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.